मावंदे कोठे घालावे?

काशीयात्रा करून आलेल्या माणसाची यात्रा काशीत संपत नाही. ती त्याच्या घरात संपते. बरोबर आणलेल्या गंगेची पूजा होते, सोयऱ्याधायऱ्यांना जेवू घातले जाते, आणि मगच यात्रा पुरी झाली असे मानतात. या विधीला आपल्याकडे मावंदे म्हणतात. शब्द आता मागे पडला आहे. रेल्वेने चार दिवसांत काशी करून येणाऱ्याला मावंदे घालण्याइतका आपण कोठे दूर गेलो होतो असे वाटत नाही. परंतु या एका विधीत तीर्थाटनाविषयीची एक जुनी समजूत साठलेली आहे. यात्रेचा सर्वांत महत्त्वाचा दिवस देवदर्शनाचा नसून परतण्याचा असतो, आणि जो परतत नाही त्याची यात्रा, पुण्य कितीही पदरात पडले तरी, अपुरीच राहते.

गेल्या माघात मी कोकणातून घाटमाथ्यावर एकटा पायी आलो. मांदाडच्या खाडीवरील कुड्याच्या लेण्यांपासून निघून तळे, माणगाव, निजामपूर अशा मजला करीत चौथ्या रात्री कुर्डूगडाच्या पायथ्याशी कुर्डूपेठेत मुक्काम केला. पाचव्या दिवशी लिंग्या घाटाने धामणओहोळला चढून मुगावमार्गे दासव्याला, म्हणजे लवासाला, पोहोचलो. या पाचव्या दिवसाविषयी, आणि त्या निमित्ताने या वाटांच्या इतिहासाविषयी, चार गोष्टी लिहाव्यात असे मनात आहे.

सुरुवात कुड्यापासूनच का, हे आधी सांगितले पाहिजे. कुड्याला २६ लेणी आहेत. खाली राजपुरीची खाडी, वर कोरलेले विहार आणि चैत्यगृहे. पहिल्या शतकातील ग्रीक नाविकाच्या ‘पेरिप्लस’मध्ये चौलनंतर जी बंदरे येतात, त्यांतले मंदगोरा म्हणजे हे मांदाड असावे असे काही अभ्यासक मानतात. पण मला कुड्याची ओढ लागली ती तेथील दानलेखांमुळे. राजे-महाराजे येथे फारसे नाहीत. महाभोज मांदव हे स्थानिक सत्ताधारी घराणे आहे. त्यांच्याबरोबर एक माळी आहे, एक लेखक आहे, सार्थवाह आहे, ब्राह्मण उपासकाची बायको आहे, भिक्षुणी आहेत. आणि एक लोखंडाचा व्यापारी आहे, ज्याने स्वतःचे गाव नोंदवले आहे: करहाकड, म्हणजे आजचे कऱ्हाड.

या एका गावाच्या नावाने केवढे काम केले आहे पाहा. कऱ्हाड देशावर, कृष्णाकाठी, कुडे समुद्रकाठी, मध्ये सह्याद्रीची भिंत. कऱ्हाडचा लोहार-वाणी कुड्याला लेण्यासाठी दान देतो, याचा अर्थ तो किंवा त्याचा माल ही भिंत ओलांडून येत-जात होता. लेणे ही श्रद्धेची खूण तर आहेच, पण ती वाटेचीही खूण आहे. वाट नसती तर लेणे नसते.

हा विचार माझा नव्हे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी तो पुण्याच्या आसपासचे डोंगर पायाखाली घालून मांडला. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात मातृदेवतांच्या ठाण्यांवर एक दीर्घ निबंध आहे. गावकुसाबाहेर, माळावर, खिंडीत, आजूबाजूला वस्ती नसताना शेंदूर फासलेली ही देवीची ठाणी तेथेच का, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचे उत्तर असे, की ही ठाणी बहुधा जुन्या वाटांच्या फाट्यांवर आहेत. शेतीपूर्व काळात कळप घेऊन ऋतूप्रमाणे हिंडणाऱ्या लोकांच्या या वाटा; पुढे त्याच वाटांनी व्यापारी गेले, व्यापाऱ्यांमागून भिक्षू आले, आणि भिक्षूंच्या वर्षावासासाठी त्याच वाटांलगत लेणी कोरली गेली. हत्यारांच्या बारीक गारगोट्या, देवीचा तांदळा आणि चैत्यगृह हे तीन निरनिराळ्या युगांचे पुरावे त्यांना एकाच वाटेवर सापडले. ग्रंथालयात बसून हे दिसणे शक्य नव्हते. त्यासाठी चालावेच लागले.

कोसंबींच्या घराण्यात चालणे दोन पिढ्यांचे होते. त्यांचे वडील धर्मानंद १८९९ साली गोव्यातील साखवाळचे घर सोडून बुद्धाच्या शोधात निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया असे करीत ते सिंहलद्वीपापर्यंत पोहोचले आणि १९०२ साली तेथे भिक्षू झाले. ‘निवेदन’ या आत्मकथनात हा प्रवास आला आहे. खिशात पैसा नाही, भाषा येत नाही, सोबतीला कोणी नाही, असा कितीतरी काळ त्यांच्या वाट्याला आला. वडील बुद्धाचा धर्म शोधीत चालले. मुलगा त्या धर्माच्या भिक्षूंची पायवाट शोधीत चालला. पहिल्याला आपण यात्रा म्हणतो आणि दुसऱ्याला संशोधन, पण पायांना हा भेद फारसा कळत असेल असे वाटत नाही.

आता पाचव्या दिवसाकडे येतो.

कुर्डूपेठ हे घाटाच्या पोटातले गाव. वर कुर्डूगडाचा सुळका, त्याच्या आधाराला कुर्डाई देवी. गडाला विश्रामगड असेही म्हणतात, आणि मोसे खोऱ्याचे देशमुख बाजी पासलकर विश्रांतीसाठी येथे येत, असे परिसरात सांगतात. देशमुखी घाटावर आणि विसाव्याची जागा घाटाखाली, ही गोष्ट नकाशात विचित्र दिसते. प्रत्यक्ष तेथे उभे राहिल्यावर विचित्र वाटत नाही. घाटमाथ्यावरच्या माणसाला कोकण हा परका मुलूख नव्हता. एका चढणीच्या अंतरावरचे ते शेजारघर होते. सोयरिकी खालीवर होत. मीठ आणि सुकी मासळी वर येई, हिरडा आणि मध खाली जाई. देवताही दोन्हीकडच्या. पानशेतच्या फुगवट्याकाठी शिरकोलीला शिरकाई आहे आणि रायगडावरही शिरकाईच आहे. भिंत आपल्याला दिसते; त्यांना जिना दिसत होता.

पहाटे निघालो. लिंग्या घाटाची वाट अरुंद आणि उभी आहे. नाणेघाटाशी तिची तुलना करू नये. तेथे सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रदीर्घ लेख आहे, जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे, फरसबंदी आहे. ती राजमार्गाची शान आहे. येथे असे काही नाही. लमाणांचे लदलेले बैल या चढणीने गेले असतील असे वाटत नाही. ही डोकीवरच्या ओझ्याची वाट आहे. माहेरवाशिणीची, गुराख्याची, वैदूची, आणि झोळी घेतलेल्या एकट्या माणसाची. इतिहासात राजमार्गाची नोंद होते कारण तेथे जकात गोळा होते. जेथे जकात नाही तेथे लेखही नाही. म्हणून सह्याद्रीच्या कण्यावरच्या अशा शेकडो वाटांचा पुरावा एकच: त्या आहेत. आणि वाट असते याचा अर्थ तिच्यावरून सतत कोणीतरी गेले आहे. या मुलखाच्या पावसात चार-पाच वर्षे पाय पडले नाहीत तर कारवी वाट गिळून टाकते.

या वाटा का सुटल्या, तेही येथे नोंदवावे. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि १८६३ साली त्याच घाटातून रेल्वे वर आली. मुंबई आणि पुणे यांच्यामधला सारा माल एका नळीतून वाहू लागला, आणि उरलेल्या घाटांचे हळूहळू रान झाले. त्यानंतर या वाटा राहिल्या त्या धनगर, कातकरी आणि कुणबी यांच्यासाठी, ज्यांना बोरघाटापर्यंत वळसा घालून जाणे परवडणारे नव्हते. प्राचीन वाट आज आपल्याला मिळते ती कोणा पुराणवस्तू खात्याने जपली म्हणून नव्हे. गरिबांना दुसरा रस्ता नव्हता म्हणून.

चढणीच्या शेवटच्या टप्प्यात वारा बदलतो. कोकणातला दमट, जड वारा मागे राहतो आणि कोरडी थंड झुळूक तोंडावर येते. माथ्यावर आलो तेव्हा ऊन तापू लागले होते. मागे वळून पाहिले तर चार दिवसांची चाल एका नजरेत मावली. भिक्षूंचा नियम असा, की पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहावे आणि उरलेले महिने चारिका करावी. आषाढी पौर्णिमेच्या सुमारास, ढग दाटून आलेले असताना, चारिकेच्या शेवटच्या दिवशी एखादा भिक्षू अशाच कोठल्यातरी माथ्यावर उभा राहिला असेल. त्याचा शेवटचा दिवस घराकडे जाणारा नव्हता. घर त्याने सोडलेलेच होते. पण निवारा होता. कोणी माळ्याने, कोणी लोखंडाच्या व्यापाऱ्याने, दगडात खोदून ठेवलेला.

धामणओहोळच्या पहिल्या घरापाशी एक म्हातारी उन्हात बसली होती. तिने विचारले, “एकलंच आलाय व्हय घाटानं?” हो म्हटल्यावर म्हणाली, “आता कोन येतंय त्या वाटनं. आमी येत हुतो. पोटात पोर आन डोईवर मिठाचं गठुडं.” तिने पाणी दिले. मी कोठे चाललो ते विचारले. मी आजोळच्या गावाचे नाव सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, “त्ये तर पान्यात हाय.”

आता जे मी इतका वेळ सांगितले नाही ते सांगायला हवे. माझी आई मोसे नदीच्या काठच्या एका गावात जन्मली. वरसगावचे धरण १९९०च्या दशकात पुरे झाले. त्याच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचे नाव आहे, म्हणजे ज्या देशमुखाचे खोरे बुडाले त्याचेच नाव बुडवणाऱ्या पाण्याला मिळाले. १२.८२ टीएमसी पाणी त्यात मावते. पुण्याची तहान पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या साखळीवर भागते. धरण नको होते असे मी म्हणत नाही. मी त्याच पाण्यावर वाढलो आहे. शेजारच्या खोऱ्यात १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले, तरीही टाटांचे धरण झालेच. मोसे खोऱ्याला त्या मानाने फारसा आवाज करता आला नाही. मामा उठून दूर पठारावर गेले. गावदेव वर नव्या जागी आणले. आईला लहानपणी तिच्या आजीने घाटाखालून आणलेल्या मिठाची आठवण आहे. ती वाट बहुधा हीच. मी कुड्यापासून निघालो तो इतिहासाच्या कुतूहलाने, हे खरे. पण पाचव्या दिवशी आईच्या उंबऱ्याशी पोहोचावे अशी माझी आखणी होती. उंबरा नाही हे माहीत असूनही.

धामणओहोळहून पुढे डांबरी सडक आहे. मुगाव आले, आणि मग एका वळणावर दासवे दिसले.

दासव्यात लवासा शहराचा पहिला तुकडा बांधला गेला. राज्याने १९९६ साली खासगी गिरिस्थानांचे धोरण आणले आणि २००१ साली या खोऱ्यातील १८ गावांचा परिसर त्यासाठी जाहीर झाला. इटलीतल्या पोर्टोफिनो या बंदराच्या धर्तीवर पाण्याकाठी रंगीत इमारतींची ओळ उभी राहिली. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने नोटीस बजावून काम थांबवले, वर्षभराने सशर्त परवानगी मिळाली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. हा सारा इतिहास वृत्तपत्रांतून आला आहे, त्याची उजळणी करीत नाही. चालत आलेल्या माणसाच्या नजरेला जे दिसले तेवढेच सांगतो.

मला पहिल्यांदा जाणवले ते नाव. धामणओहोळ म्हटले की धामणीचे झाड आणि ओहोळ डोळ्यांपुढे येतात. कुर्डूपेठ म्हटले की देवी. करहाकड दोन हजार वर्षांनी कऱ्हाड म्हणून ओळखू येते. लवासा हे नाव कोणा देवीचे नाही, झाडाचे नाही, नदीचे नाही. ते विक्रीसाठी घडवले गेले. एखाद्या नावाला अर्थ नसणे हा दोष नव्हे. पण अर्थ असलेली अठरा नावे त्याच्या खाली झाकली गेली, हे मात्र घडले आहे. सहलीला आलेल्या तरुणांना मी मुगावचे नाव विचारून पाहिले. ते नुकतेच तेथून गाडीने आले होते.

दुसरी गोष्ट अधिक गुंतागुंतीची. मी तेथे राग येईल अशा अपेक्षेने गेलो होतो. पण पाण्याकाठच्या त्या रंग उडत चाललेल्या इमारतींपुढे उभा राहिल्यावर राग आला नाही. कुड्याचा सार्थवाह, नाणेघाटाची जकात, लेण्याला दान देणारा व्यापारी, हे सारे पैशाचेच खेळ होते. वाटा व्यापाराने रुंद केल्या आणि व्यापारानेच टाकून दिल्या. मग फरक कोठे आहे? मला वाटते, तो असा. कऱ्हाडच्या व्यापाऱ्याने आपल्या नफ्यातला वाटा वाटेवरच्या अनोळखी माणसाच्या निवाऱ्यासाठी ठेवला. त्याचा व्यापार बुडाला, त्याचे नाव कोणाच्या लक्षात राहिले नाही, तरी त्या खोलीत पाऊस चुकवायला आजही गुराखी बसतो. पाण्याकाठच्या ज्या घरांना मी कुलपे पाहिली त्यांच्या ओसरीवर वाटसरूने बसावे अशी सोयच नव्हती. तेथे ओसरी हा प्रकारच नाही. बसलो तर पहारेकऱ्याने येऊन नम्रपणे विचारले, “कुणाकडं आलाय साहेब?” त्याचे काही चुकले नाही. पण याचे उत्तर मला देता येईना.

विष्णुभट गोडसे यांची येथे आठवण होते. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक १८५७ साली चुलत्याबरोबर द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेला आणि बंडात सापडला. झाशीचा पाडाव त्याने आतून पाहिला. मिळवलेले द्रव्य लुटले गेले. अखेर तो आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी परतला. १८८३ साली त्याने हकिकत लिहिली. चिंतामण विनायक वैद्यांनी ती ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली फेरफारांसह छापली, आणि मूळ प्रत दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाखाली १९६६ साली बाहेर आली. इतिहासकार त्या पुस्तकात झाशी शोधतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यातली कावड अधिक महत्त्वाची वाटते. मिळवण्यासाठी गेलेला माणूस सर्व गमावून येतो, पण ज्यांना घरातून हलता येत नाही त्यांच्यासाठी गंगा घेऊन येतो. त्यानेच त्याचा प्रवास यात्रा ठरतो. एकनाथांची कथा याच कावडीची दुसरी बाजू सांगते: रामेश्वरासाठी नेत असलेले पाणी वाटेत तहानेल्या गाढवाला पाजले, आणि तेथेच यात्रा पुरी झाली.

म्हणजे यात्रेचा शेवट जागेने ठरत नाही. आणलेले पाणी कोणाला मिळते, यावर ठरतो.

दुपार कलताना मी जलाशयाच्या काठाने जाता येईल तितके गेलो. माघात पाणी अजून बरेच वर असते. उन्हाळ्याच्या अखेरीस ते उतरले की काही गावांचे चौथरे, विहिरींचे काठ उघडे पडतात असे मामा सांगत. त्या दिवशी तसे काही दिसले नाही. नुसते निळे, स्थिर पाणी. वाट एका उतारावरून सरळ त्या पाण्यात उतरत होती. तिला आपण संपलो हे कळलेच नसावे. मी बाटली भरून घेतली. आईसाठी काय न्यावे हे मला कुड्यापासून सुचले नव्हते. हे तरी न्यावे असे वाटले.

रात्री पुण्याला पोहोचलो. आई जागी होती. बाटली तिच्या हातात दिली आणि कोठले पाणी ते सांगितले. तिने ती उजेडात धरून पाहिली. मग म्हणाली, “अरे, हे तर रोजच येतं नळाला.”

तिचे म्हणणे खरे होते. तीस वर्षे आमच्या घरात तिच्या गावावरून येणारे पाणी येत आहे. त्याने आम्ही अंघोळी केल्या, भात शिजवला, तुळशीला घातले. गंगा घरी आलेलीच होती, तिची पूजा मात्र कोणी केली नव्हती. आईने बाटली देवापुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी तिने पुरण घातले आणि दूर पठारावरच्या तिच्या भावांना फोन करून जेवायला बोलावले. निमित्त काय, असे त्यांनी विचारले तेव्हा तिने तो जुना शब्द वापरला.